ध्रुवीय हिमाचं रसायन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमधले शिक्षक, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं आणि घरी आरओ बसवल्यापासून पाण्याच्या प्रत्येक थेंबाकडे संशयाने पाहणारी मंडळी, या तिघांकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्दांचा एक खुलासा आधीच करतो. मराठीत आकाशातून पडतो तोही बर्फ आणि गोळेवाला किसतो तोही बर्फच. इथे मात्र नुकतं पडलेलं, भुसभुशीत ते ‘हिम’ आणि दाबून घट्ट झालेला तो ‘बर्फ’ असा फरक पाळला आहे.

१. हिम म्हणजे गोठलेलं पाणीच ना? मग त्यात रासायनिक घटक कसले?

पाणीच. पण ढगात हिमाचा स्फटिक सहसा आपोआप तयार होत नाही, त्याला धरून बसायला एखादा कण लागतो. हा कण मातीचा किंवा धुळीचा असू शकतो. खाली येताना स्फटिक हवेतले आणखी कण आणि वायू गोळा करतो, आणि जमिनीवर पडल्यावरही वारा त्यावर काही ना काही आणून टाकत राहतो. म्हणून जगातलं सर्वांत स्वच्छ हिमसुद्धा ‘पाणी अधिक थोडं काहीतरी’ असतं. या लेखातले बहुतेक प्रश्न त्या ‘थोड्या काहीतरी’विषयी आहेत.

२. त्यात नेमकं काय सापडतं, आणि किती?

मुख्य मंडळी ठरलेली आहेत. समुद्री मिठातून आलेले सोडियम, क्लोराइड आणि मॅग्नेशियम, त्यांच्या जोडीला सल्फेट, नायट्रेट, अमोनियम आणि धुळीतलं कॅल्शियम. त्याहून कमी प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड, फॉर्माल्डिहाइड आणि मिथेनसल्फोनिक आम्ल असतं. काजळी, शिसं, पारा यांचा क्रम आणखी खाली लागतो.

ही सगळी मोजणी पीपीबीत होते. एक पीपीबी म्हणजे अब्ज भागांत एक भाग, म्हणजे लिटरमागे एक मायक्रोग्रॅम. अंटार्क्टिकाच्या आतल्या पठारावर सोडियम साधारण १० ते ३० पीपीबी भरतं. हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर आमटीत टाकतो तशी मिठाची एक चिमूट घ्या, म्हणजे साधारण ०.३ ग्रॅम. ती सहा हजार लिटरच्या पाण्याच्या टँकरमध्ये टाकून ढवळली की जे पाणी होईल, तितकं ‘खारट’ हे हिम असतं. किनाऱ्याजवळ मात्र हाच आकडा शेकडो पीपीबीवर जातो आणि वादळानंतर त्याहूनही वर.

३. आमच्या आरओचं टीडीएस मीटर या पाण्यात बुडवलं तर काय दाखवेल?

शून्य किंवा एक. तुमच्या आरओच्या पाण्यापेक्षा हे पाणी बहुधा स्वच्छच निघेल. पण त्या मीटरवर या कामात विसंबून चालत नाही. ते फक्त विद्युतवाहकता मोजतं आणि तिच्यावरून अंदाजाने टीडीएस सांगतं. ध्रुवीय हिमाच्या पाण्याची वाहकता सेंटीमीटरमागे एक ते तीन मायक्रोसीमेन्सच्या आसपास असते, आणि तीही बरीचशी आम्लामुळे (प्रश्न ६ पाहा), क्षारांमुळे नाही.

४. तिथे ना शेती, ना कारखाने, ना रस्ते. मग हे सगळं येतं कुठून?

मोठा वाटा समुद्राचा. लाटा फुटल्या की बारीक तुषार उडतात, ते वाऱ्यावर वाळतात आणि मिठाचे सूक्ष्म कण आत शेकडो किलोमीटर जातात. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती गंधकाचा एक वायू सोडतात. हवेत त्याचं सल्फेट आणि मिथेनसल्फोनिक आम्ल होतं. म्हणून उन्हाळ्यात, समुद्र जिवंत असतो तेव्हा पडलेल्या हिमात ही दोन्ही वाढलेली दिसतात. दुसरा वाटा ज्वालामुखींचा, तिसरा वाळवंटांच्या धुळीचा. ग्रीनलँडवरची धूळ मुख्यतः मध्य आणि पूर्व आशियाच्या वाळवंटांतून येते, तर हिमयुगात पूर्व अंटार्क्टिकावर पडलेली धूळ बरीचशी दक्षिण अमेरिकेच्या पॅटागोनियातली आहे. चौथा वाटा आपला (प्रश्न ११ आणि १६ पाहा).

५. आर्क्टिक आणि अंटार्क्टिकाच्या हिमात फरक काय?

शेजाराचा. आर्क्टिकच्या भोवती युरोप, रशिया, अमेरिका दाटीने बसलेत. वसंताच्या सुमारास तिथल्या हवेत धुरकटपणा पसरतो आणि तो हिमात उतरतो. ग्रीनलँडच्या हिमात विसाव्या शतकात सल्फेट सुमारे तिप्पट झालं, आणि पश्चिमेकडच्या देशांनी गंधकाच्या धुरावर कायदे आणल्यावर, १९८०च्या दशकापासून ते खाली आलं. त्याच काळात अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात सल्फेटची अशी वाढ दिसत नाही. काजळीचंही तसंच. आर्क्टिकच्या समुद्रबर्फावर आणि किनाऱ्यांवर ती अंटार्क्टिकाच्या पठारापेक्षा कित्येक पटींनी जास्त असते.

६. हे हिम आम्लधर्मी आहे असं वाचलं. म्हणजे तिथेही आम्लवर्षा होते?

सौम्य आम्लधर्मी आहे, पण त्यात दोष कुणाचा नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की अगदी शुद्ध पाण्याचाही सामू (पीएच) ५.६च्या आसपास येतो. त्यात नैसर्गिक सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लाचा अंश मिसळला की आणखी थोडा खाली. कारखान्यांमुळे होणाऱ्या आम्लवर्षेचा सामू चार-साडेचारवर जातो, त्याच्याशी याची तुलना नको.

याला एक मजेशीर अपवाद आहे. ग्रीनलँडवरचा हिमयुगातला बर्फ आम्लधर्मी नाही, अल्कधर्मी आहे. तेव्हा आशियातून इतकी चुनखडीयुक्त धूळ येत होती की तिने सगळं आम्ल मारून टाकलं. ॲसिडिटीवर आपण चुन्याची निवळी घेतो, तोच प्रकार हजारो वर्षं चालला होता.

७. ते वितळवून पिता येतं का?

येतं. कित्येक तळांवर तेच पितात. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकी तळावर बर्फात खोल गरम पाणी सोडून विहीर तयार करतात, आणि तिथले लोक शेकडो वर्षांपूर्वी पडलेल्या हिमाच्या पाण्याचा चहा करतात. भारताच्या मैत्री तळाला शेजारी प्रियदर्शिनी सरोवर आहे, तिथून पाणी येतं. हिमाच्या पाण्याला चव अशी नसते, क्षारच नाहीत तर चव कुठली! तहान लागली म्हणून हिम तसंच खाऊ नये. ते वितळवायला लागणारी उष्णता शरीरातूनच जाते.

८. इतक्या कमी प्रमाणातलं मोजतात तरी कसं? नमुना बिघडत नाही का?

बिघडतो. या विषयातली खरी अडचण हीच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

घामाचं गणित पाहा. घामात लिटरमागे ढोबळमानाने एक ग्रॅम सोडियम असतं. कपाळावरून ०.०५ मिलिलिटरचा एक थेंब १०० मिलिलिटरच्या नमुन्यात पडला तर त्या नमुन्यात ५०० पीपीबी सोडियम वाढतं. मुळात होतं २०. म्हणजे जो आकडा येईल तो अंटार्क्टिकाचा नसून नमुना घेणाऱ्याचा असतो.

म्हणून जागा तळापासून लांब आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला निवडतात, म्हणजे जनरेटरचा धूर तिकडे जात नाही. खड्डा खणायचा, मग त्याची एक भिंत स्वच्छ प्लास्टिकच्या पात्याने काही सेंटीमीटर तासून काढायची. अंगावर पांढरा झगा, तोंडाला मास्क, हातात दोन-दोन मोजे. बाटल्या खालच्या थरापासून वर भरत यायच्या, म्हणजे वरचा भुगा खालच्या नमुन्यात पडत नाही. बाटल्या आधी अतिशुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलेल्या. शिशासाठी असतील तर आठवडेच्या आठवडे आम्लात बुडवून ठेवलेल्या.

शिवाय एक रिकामी बाटली सोबत न्यायची, तिथे उघडायची, बंद करायची, परत आणायची. तिच्यात घातलेल्या शुद्ध पाण्यात जे सापडेल ते आपलं पाप. माझ्या पहिल्या खेपेला माझी रिकामी बाटली खऱ्या नमुन्यांपेक्षा खारट निघाली होती. उणे २० अंशांत मोजा ओढून काढायला दात वापरले होते, एवढंच कारण.

प्रयोगशाळेत आयनांसाठी आयन क्रोमॅटोग्राफ, धातूंसाठी प्लाझ्मा वापरणारा वस्तुमान-वर्णपटमापी आणि समस्थानिकांसाठी (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड प्रकार, प्रश्न ९ पाहा) हल्ली लेझरवर चालणारं यंत्र वापरतात.

९. पाण्यावरून जुनं तापमान कळतं म्हणतात. ते कसं?

यात अशुद्धीचा संबंध नाही, खुद्द पाण्याच्या रेणूचा आहे. साधारण पाचशे रेणूंत एकामध्ये नेहमीच्या ऑक्सिजन-१६ ऐवजी जड ऑक्सिजन-१८ असतो. वाफ ध्रुवाकडे जाताना थंड होत जाते, तसे जड रेणू वाटेतच पाऊस-हिम होऊन गळतात. जितकी थंडी जास्त, तितकं शेवटी पडणारं हिम हलकं. समुद्राच्या पाण्याशी तुलना करून हा फरक हजारात सांगतात. ग्रीनलँडच्या माथ्यावर तो उणे ३५च्या आसपास, दक्षिण ध्रुवावर उणे ५०च्या. म्हणजे ध्रुवावरच्या हिमात जड ऑक्सिजन समुद्रापेक्षा पाच टक्के कमी.

या शास्त्राची सुरुवात अगदी घरगुती. १९५२ च्या जूनमध्ये कोपनहेगनला विली डान्सगार्ड यांनी अंगणात बिअरच्या बाटलीवर नरसाळं ठेवून पाऊस गोळा केला आणि तपासला. बर्फाच्या थरांतून जुनं हवामान वाचायची कल्पना त्यातूनच पुढे आली.

१०. अमुक थर अमुक वर्षाचा, हे कशावरून ठरवतात?

जिथे हिम भरपूर पडतं तिथे वर्षं मोजता येतात. उन्हाळ्यात सल्फेट वर, हिवाळ्यात सोडियम वर, अशी चढउतार झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी दिसते. पण पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावरच्या व्होस्तोक या रशियन तळासारख्या ठिकाणी वर्षाला पाण्याच्या हिशेबाने जेमतेम दोन सेंटीमीटर पडतं, आणि वारा तेही इकडचं तिकडे करतो. तिथे खुणेचे दगड लागतात.

अणुचाचण्यांचे थर हा एक दगड. अंटार्क्टिकात १९५५ आणि १९६५ या वर्षांच्या थरांत किरणोत्सर्ग ठळक दिसतो. दुसरा दगड ज्वालामुखी. १८१५ चा तांबोरा दोन्ही ध्रुवांवर सल्फेटच्या उंच शिखराने उमटला आहे. त्याच्या थोडंसं आधी, १८०९ च्या सुमाराला, तसंच एक शिखर आहे आणि ते कोणत्या ज्वालामुखीचं हे आजही ठरलेलं नाही. बर्फ सांगतो की स्फोट झाला, माणसांच्या नोंदींत मात्र त्याचं नाव नाही.

१२५८ च्या सुमाराचं शिखर तर त्याहून मोठं. दोन्ही ध्रुवांवर सापडलेलं, कित्येक दशकं बेवारस. २०१३ मध्ये पत्ता लागला तो इंडोनेशियात, बालीशेजारच्या लोंबोक बेटावर. १२५७ मध्ये समालास पर्वत फुटला होता. आधी खूण ध्रुवावर सापडली आणि मग गुन्हेगार विषुववृत्ताजवळ, हा क्रम मला अजूनही विलक्षण वाटतो.

११. शिशाचं प्रकरण काय आहे?

१९६९ मध्ये क्लेअर पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीनलँडच्या बर्फातलं शिसं मोजून दाखवलं. सुमारे २८०० वर्षांपूर्वीच्या बर्फात ०.००१ पीपीबीहून कमी, १९६५ च्या हिमात ०.२ पीपीबीहून जास्त. दोनशे पटींची वाढ, आणि शेवटची उडी पेट्रोलमध्ये शिसं घालायला लागल्यानंतरची. तोवर ‘शिसं निसर्गातच असतं’ असं म्हणणारे बरेच होते. त्यांचे नमुने प्रयोगशाळेच्या धुळीनेच बिघडलेले होते (प्रश्न ८ पाहा). शिशाचं पेट्रोल कमी झाल्यावर ग्रीनलँडच्या हिमातलं शिसं वीसेक वर्षांत सातपटीहून अधिक उतरलं.

पुढे रोमन काळातल्या खाणींचं शिसंही ग्रीनलँडच्या बर्फात सापडलं. आणि अंटार्क्टिकातही १८८९ च्या सुमारापासून ते दिसतं. समस्थानिकांवरून त्याचा माग ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खाणीपर्यंत जातो. पहिला माणूस दक्षिण ध्रुवावर पोचला १९११ मध्ये, म्हणजे आपला धूर आपल्या आधी बावीस वर्षं अंटार्क्टिकात पोचला होता.

१२. हिवाळ्यात समुद्र गोठतो, मोकळं पाणी लांब जातं. तरी हिवाळ्यातल्या हिमात मीठ जास्त का?

नेमका प्रश्न. लाटांचे तुषार हे एकच उत्तर धरलं तर उलट व्हायला हवं होतं. समुद्राचं पाणी गोठताना मीठ बाहेर टाकतं आणि ते दाट खाऱ्या पाण्याच्या रूपाने समुद्रबर्फाच्या वर येतं. त्यावर पडलेलं हिम खारट होतं, वारा ते उडवतो, आणि तेच कण आत जातात.

याला पुरावा आहे. उणे ६ अंशांच्या खाली त्या खाऱ्या पाण्यातून सोडियम सल्फेटचे खडे वेगळे पडतात. म्हणून वर उरलेल्या पाण्यात सल्फेट कमी. आणि किनाऱ्याजवळच्या हिवाळी हिमात सोडियमच्या मानाने सल्फेट समुद्राच्या पाण्यापेक्षा खरोखरच कमी भरतं.

१३. एकदा पडलेलं हिम तसंच्या तसं राहतं का?

नाही. हे लोकांच्या सहज ध्यानात येत नाही, कारण बर्फाला ‘निसर्गाची वही’ म्हणायची आपल्याला सवय झाली आहे. या वहीतली काही अक्षरं उडून जातात.

सर्वांत उडाणटप्पू नायट्रेट. पूर्व अंटार्क्टिकातल्या डोम सी इथे अगदी वरच्या थरात ते शेकडो पीपीबी असतं, आणि मीटरभर खाली गेलं की दोन आकडी पीपीबीवर येतं. उन्हाळ्यात चोवीस तास सूर्य असतो. अतिनील किरणांनी नायट्रेट फुटतं, त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड हवेत जातात. दक्षिण ध्रुवावर उन्हाळ्यात या वायूंचं प्रमाण अपेक्षेपेक्षा खूप जास्त आढळलं तेव्हा सगळे चक्रावले होते. एवढ्या निर्मनुष्य जागी हा धूर कुणाचा? तो पायाखालच्या हिमाचाच होता.

पाऱ्याचं उलटसुलट चालतं. आर्क्टिकात वसंतात पहिला सूर्य आला की समुद्रबर्फाभोवतीचा ब्रोमिन हवेतला ओझोन खातो आणि सोबत पाराही हिमावर उतरवतो. कॅनडाच्या अलर्ट इथे हे प्रथम दिसलं. त्यातला बराच पारा काही दिवसांत पुन्हा हवेत जातो. क्लोराइडही आम्लाशी गाठ पडली की हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन निसटतं. सोडियम आणि सल्फेट त्या मानाने विश्वासू, पडले की राहिले.

१४. हिम वितळलं की त्यातले घटक सारखेच बाहेर पडतात का?

नाही. बर्फाचा स्फटिक परक्यांना फारसा आत घेत नाही. अशुद्धी कणांच्या पृष्ठभागावर आणि सांध्यांत जमते. अंटार्क्टिकाच्या बर्फात तीन कण जिथे भेटतात त्या कोपऱ्यांत सल्फ्युरिक आम्ल साठलेलं १९८८ मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे वितळायला लागलं की पहिल्या पाण्यासोबत बहुतेक माल वाहून जातो. बर्फगोळा चोखताना पहिल्या दोन घोटांत सगळा काला-खट्टा येतो आणि हातात पांढरा बर्फ उरतो, तसंच. वितळ लागलेल्या हिमाचा नमुना रसायनासाठी बाद समजायचा तो यामुळे.

१५. लाल किंवा गुलाबी हिम हे लोखंडामुळे असतं का?

बहुधा नाही. तो रंग हिमावर वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. त्यांच्या पेशींत उन्हापासून वाचवणारं लाल रंगद्रव्य असतं. गोंधळ होतो तो अंटार्क्टिकातल्या टेलर हिमनदीच्या ‘रक्तधबधब्या’मुळे. तिथे मात्र खरंच लोखंड आहे. हिमनदीखालचं लोहयुक्त खारं पाणी बाहेर येतं आणि हवा लागून गंजतं. तो हिमाचा गुण नाही.

१६. तिथेही मायक्रोप्लास्टिक पोचलं का?

पोचलं. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठाने रॉस बेटाच्या परिसरातल्या १९ जागांवरचं ताजं हिम तपासलं, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. प्रत्येक ठिकाणी कण सापडले, सरासरी वितळलेल्या लिटरमागे २९. सर्वांत जास्त वेळा दिसलं ते पीईटी, म्हणजे बाटल्यांचं आणि कपड्यांचं प्लास्टिक. तळांच्या जवळ प्रमाण जास्त होतं, म्हणून सगळा दोष लांबच्या वाऱ्याला देऊ नये.

१७. अंतराळातून आलेलं लोखंड हिमात सापडलं, ही बातमी खरी आहे?

खरी. अंटार्क्टिकातल्या कोहनेन या जर्मन तळाजवळचं ५०० किलो हिम म्युनिकला नेऊन वितळवलं, गाळलं, आणि त्यात लोह-६० मिळालं. २०१९ ची गोष्ट. हे किरणोत्सर्गी लोखंड ताऱ्यांच्या स्फोटांत तयार होतं आणि त्याचं अर्धायुष्य २६ लाख वर्षांचं. अर्धा टन हिमातून मोजके अणू शोधायला इतकी स्वच्छ जागा दुसरी मिळाली नसती.

१८. गोव्यात अंटार्क्टिकाचा बर्फ ठेवला आहे म्हणतात?

हो. वास्कोला, हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारतीय मोहिमांनी आणलेले बर्फाचे गाभे (खोल छिद्र पाडून काढलेले लांब दंडगोल) तिथे शीतखोल्यांत ठेवतात आणि कापतात. बाहेर घामाच्या धारा आणि आत उणे वीस, एका दाराचं अंतर.

१९. मग कार्बन डायऑक्साइडही हिमातच मोजतात ना?

हिमात नाही, बर्फात. हिमाच्या कणांमधली हवा वरच्या हवेशी मिसळत राहते. ५० ते १२० मीटर खोलीवर, दाबाने सगळी छिद्रं बंद झाल्यावरच बुडबुडे तयार होतात. म्हणून बुडबुड्यातली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा तरुण असते. व्होस्तोकला हा फरक हजारो वर्षांचा आहे. बुडबुड्यांतून जुनी हवा मोजायची कल्पना फ्रेंच हिमशास्त्रज्ञ क्लोद लोरियस यांना सुचली ती अंटार्क्टिकात, व्हिस्कीच्या ग्लासात टाकलेल्या जुन्या बर्फातून बुडबुडे फुटताना पाहून.

आणि एक अपवाद, जो परीक्षेत हमखास चुकतो. कार्बन डायऑक्साइडच्या जुन्या नोंदींसाठी अंटार्क्टिकाचा बर्फ वापरतात, ग्रीनलँडचा शक्यतो नाही. कारण तीच चुनखडीची धूळ (प्रश्न ६ पाहा). ती बर्फात आम्लाशी हळूहळू भिडते आणि आतल्या आत नवा कार्बन डायऑक्साइड तयार करते. मोजणारा इमानदारीने मोजतो, पण आकडा त्या काळच्या हवेचा नसतो.